त्वचार्बुदाचा प्रतिबंध आणि संश्लेषित 'अ' जीवनसत्त्व : वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनी लक्षात घ्यावयाच्या काही बाबी

जयपाल हे द्रव्य आपल्यापैकी कोणालाही नवे नाही. इच्छाभेदी, नाराच, अश्वकंचुकी अशा कल्पांत ते येते. बीजातील अंकुर काढून, दोलायंत्रात गोदुग्धात स्वेदन केल्याखेरीज आपण ते वापरीत नाही. आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 'ई-१' अनुसूचीत विषारी द्रव्यांमध्ये त्याचा समावेश आहे, हे औषधनिर्मात्या बंधूंना वेगळे सांगावयास नको. परंतु याच बीजांचे अशोधित तेल विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेच्या प्रयोगशाळांमध्ये एका अगदी निराळ्या कामासाठी वापरले गेले, याची कल्पना आपल्यापैकी थोड्यांनाच असेल. उंदराच्या त्वचेवर अर्बुदे उत्पन्न करण्याचे ते एक मान्य साधन होते. आणि ती अर्बुदे रोखता यावीत म्हणून जी द्रव्ये रसायनशाळेत घडविली गेली, त्यांतील एक मोठे कुल 'अ' जीवनसत्त्वाच्या कृत्रिम भावंडांचे आहे. त्यांना 'रेटिनॉइड' म्हणतात.

हा विषय येथे मांडण्याचे कारण केवळ ज्ञानलालसा नाही. रेटिनॉइड वर्गातील औषधे आज आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांच्या हाती आहेत. मुखदूषिकेसाठी आयसोट्रेटिनॉइन, सोरायसिससाठी ॲसिट्रेटिन, काळे डाग घालविण्यासाठी ट्रेटिनॉइनयुक्त मलम घेतलेला रुग्ण पुढे आपल्याकडे येतो, आणि पुष्कळदा त्या औषधाचा उल्लेखही करीत नाही. त्याच वेळी आपण त्याला खदिरारिष्ट देतो. या दोहोंच्या संयोगात एक गंभीर धोका आहे. तो समजण्यासाठी या द्रव्यांची घडण समजली पाहिजे. म्हणून प्रथम तिकडे वळू.

जयपाल तेलाने काय दाखविले

१९४१ मध्ये इंग्लंडमध्ये बेरेनब्लम या संशोधकाने असे दाखविले, की कोळशाच्या डांबरात आढळणारे कर्करोगजनक द्रव्य अल्प प्रमाणात लावून त्याच्या जोडीला जयपाल तेल लावले, तर उंदराच्या त्वचेवर अर्बुदे फार मोठ्या संख्येने येतात. १९४४ मध्ये मॉट्रम याने प्रयोग अधिक नेटका केला. कर्करोगजनक द्रव्य एकदाच लावावयाचे, तेही इतके थोडे, की एरवी त्या जागी काहीही उद्भवणार नाही; नंतर जयपाल तेल आठवड्यातून दोनदा अनेक आठवडे लावीत राहावयाचे. अशा त्वचेवर चामखिळीसारखी अर्बुदे उगवतात. केवळ जयपाल तेल लावले तर जवळजवळ काहीच होत नाही. क्रम उलटा केला, म्हणजे आधी तेल व मागाहून कर्करोगजनक द्रव्य असे केले, तरीही होत नाही.

यावरून अर्बुदाच्या उत्पत्तीत किमान दोन टप्पे आहेत हे सिद्ध झाले. पहिल्या टप्प्यात पेशीच्या मूळ द्रव्यात कायमचा बिघाड होतो, तो दिसत नाही व परतही फिरत नाही. दुसऱ्या टप्प्यात काही उत्तेजक द्रव्य वारंवार मिळाल्याने ती बिघडलेली पेशी वाढू लागते. हा टप्पा लांबणारा आहे, आणि निदान आरंभी तरी परत फिरविता येण्याजोगा आहे. प्रतिबंधक औषधाला वाव मिळतो तो येथेच. पुढे १९६० च्या दशकात हायडेलबर्गचे हेकर आणि न्यूयॉर्कचे व्हॅन ड्यूरन यांनी जयपाल तेलातून हे कार्य करणारी द्रव्ये, म्हणजे फॉरबॉल एस्टर, वेगळी काढली. त्यांतील सर्वांत प्रभावी द्रव्य 'टीपीए' या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. त्यानंतर प्रयोगांत तेलाऐवजी तेच वापरले जाऊ लागले.

येथे आपल्या वाचकांच्या मनात षट्क्रियाकाल येणे स्वाभाविक आहे. संचयापासून भेदापर्यंतच्या अवस्था व वरील टप्पे यांची जोडी लावण्याचा मोह आम्हांसही होतो. पण सुश्रुतांची मांडणी दोषांच्या गतीची आहे आणि ही मांडणी एका पेशीच्या इतिहासाची आहे. दोन्हींना एकच नाव दिल्याने दोन्हींचे आकलन उणावते. आमच्या मते खरी साम्यस्थळे वेगळी आहेत, ती यथावकाश येतील.

'अ' जीवनसत्त्व का निवडले गेले

१९२५ मध्ये वोलबाक व हाऊ या अमेरिकन संशोधकांनी 'अ' जीवनसत्त्व न मिळालेल्या उंदरांच्या श्वासनलिका, लालाग्रंथी, मूत्राशय यांचे सूक्ष्म निरीक्षण केले. जेथे मऊ, ओलसर अस्तर असावयास हवे तेथे त्वचेच्या बाह्यस्तरासारखा कोरडा, खवलेदार थर तयार झालेला त्यांना दिसला. कर्करोगाच्या पूर्वावस्थेत दिसणाऱ्या बदलांशी या बदलांचे साम्य होते. १९५३ मध्ये ऑनर फेल व मेलनबी यांनी याची उलट बाजू दाखविली: कोंबडीच्या भ्रूणाच्या त्वचेचा तुकडा काचपात्रात वाढवून त्याला अधिक प्रमाणात 'अ' जीवनसत्त्व दिले, तर तो शृंगीय थर बनविण्याऐवजी श्लेष्मल अस्तरासारखा वागू लागला. म्हणजे पेशीने कोणते रूप घ्यावयाचे, हे ठरविण्यात या जीवनसत्त्वाचा हात आहे. १९६७ मध्ये सॅफिओटी यांनी हॅमस्टर प्राण्यांत फुप्फुसाची अर्बुदे त्याच्या योगाने कमी झाल्याचे दाखविले.

मग हेच जीवनसत्त्व भरपूर का देऊ नये? अडचण मात्रेची होती. 'अ' जीवनसत्त्व मेदात विरघळते, यकृतात साठते आणि सहजासहजी बाहेर पडत नाही. अतिमात्रेने ओठ फुटतात, केस गळतात, त्वचा सोलवटते, डोके दुखते, हाडे दुखतात, यकृत बिघडते. अर्बुद रोखण्यास लागणारी मात्रा विषमात्रेच्या पलीकडे जात होती. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील रोश कंपनीचे वेर्नर बोलाग यांनी या अडचणीला मापात बसविले. जयपाल तेलाच्या पद्धतीने अर्बुदे आणलेल्या उंदरांना निरनिराळी संयुगे देऊन त्यांनी दोन अंक काढले: किती मात्रेत अर्बुदे निम्म्यावर येतात, आणि किती मात्रेत अतिजीवनसत्त्वाची विषलक्षणे दिसतात. या दोन अंकांच्या गुणोत्तरावर संयुगाची निवड होई. नैसर्गिक रेटिनॉइक आम्ल या कसोटीस उतरले नाही. त्याची विषमात्रा औषधी मात्रेच्या आधीच येत होती.

अमेरिकेत मायकेल स्पोर्न यांनी १९७६ मध्ये अशा संयुगांस 'रेटिनॉइड' हे नाव दिले आणि औषधाने कर्करोग होण्याआधीच रोखण्याच्या कल्पनेस 'केमोप्रिव्हेन्शन' हा शब्द योजला. त्याच सुमारास विस्कॉन्सिन येथे अजित वर्मा व बॉटवेल यांनी दाखविले, की टीपीए लावण्याच्या थोडे आधी त्वचेवर रेटिनॉइक आम्ल लावले, तर ऑर्निथिन डिकार्बोक्सिलेज या विकराची उसळी दबते व अर्बुदेही कमी होतात. हा विकर पेशींच्या वाढीशी निगडित असल्याने ही मोठी सोय झाली. नवे संयुग हाती आले, की महिनोन्महिने अर्बुदांची वाट न पाहता काही तासांतच त्याची पहिली परीक्षा घेता येऊ लागली.

रेणूची घडण

'अ' जीवनसत्त्वाच्या रेणूचे तीन भाग कल्पावेत. एका टोकास सहा कर्बांचे कडे, मध्ये एकाआड एक दुहेरी बंध असलेली लांब साखळी, आणि दुसऱ्या टोकास पाण्याशी सलगी करणारा गट. हा गट मद्यार्काच्या स्वरूपाचा असेल तर रेटिनॉल, आम्लाच्या स्वरूपाचा असेल तर रेटिनॉइक आम्ल. (जाता जाता सांगावेसे वाटते, की कृत्रिम 'अ' जीवनसत्त्व बनविताना या कड्यासाठी लागणारा कच्चा माल म्हणून गवती चहाच्या तेलातील सिट्रॉल वापरले जात असे.) मधली साखळी हा या रेणूचा दुबळा भाग होय. प्रकाश व हवा लागली की ती बिघडते, शिवाय ती वळते, आणि वळण बदलले की गुण बदलतो. सरळ साखळीचे आम्ल म्हणजे ट्रेटिनॉइन. शेवटाजवळ एक वळण असलेले तेच आम्ल म्हणजे आयसोट्रेटिनॉइन. घटक तेच, प्रमाण तेच. केवळ आकार निराळा.

रसायनतज्ज्ञांनी तिन्ही भागांत फेरफार केले. बोलाग यांच्या गटाने कड्याच्या जागी सुगंधी वर्गातील कडे बसविले आणि टोकाच्या आम्लास एस्टरचे रूप दिले. त्यातून एट्रेटिनेट निघाले. उंदरावरील कसोटीत त्याचे गुणोत्तर रेटिनॉइक आम्लाच्या सुमारे दहापट चांगले होते. त्याच कंपनीच्या लोलिगर यांनी १९८० मध्ये पुढचे पाऊल टाकले. वळणारी साखळीच कड्यांमध्ये बांधून टाकली, म्हणजे रेणूला एकच ताठ आकार राहिला. या 'ॲरोटिनॉइड' संयुगांची शक्ती शेकडो पटींनी वाढली. कॅलिफोर्नियातील एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेत मार्शिया डॉसन यांनीही याच धर्तीवर साखळीचा एकेक भाग क्रमाने बांधून, कोणता आकार त्वचार्बुदास रोखतो व कोणता रोखीत नाही, याचा पद्धतशीर शोध घेतला. जपानमध्ये कोइची शुडो यांच्या गटाने अशीच ताठ संयुगे केली. त्यांतील टॅमिबॅरोटिन २००५ मध्ये तेथे रक्ताच्या एका कर्करोगासाठी मान्य झाले.

परंतु ॲरोटिनॉइडांनी एक कटू धडा दिला. शक्ती वाढली तशी विषताही वाढली. ज्या कुलुपात किल्ली अधिक घट्ट बसली, त्याच कुलुपातून उपकार व अपकार दोन्ही बाहेर पडत होते. हे कुलूप १९८७ मध्ये सापडले. स्ट्रासबुर्गचे शाँबाँ आणि कॅलिफोर्नियाचे एव्हान्स यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे रेटिनॉइक आम्लाचा ग्राही पेशीकेंद्रात असल्याचे दाखविले. पुढे त्याचे तीन प्रकार, अल्फा, बीटा व गॅमा, आणि 'आरएक्सआर' नावाचे दुसरे कुटुंबही आढळले. त्वचेत गॅमा प्रकाराचे प्राबल्य असते. तेव्हापासून घडणीची दिशा पालटली: शक्ती वाढविण्याऐवजी ठरावीक ग्राहीवरच काम करणारे संयुग करावे, असा विचार सुरू झाला. अमेरिकेत १९९६ मध्ये ॲडापॅलिन, १९९७ मध्ये टॅझॅरोटिन, १९९९ मध्ये त्वचेतील लसीकापेशींच्या कर्करोगासाठी बेक्सारोटिन, आणि २०१९ मध्ये केवळ गॅमा ग्राहीकडे झुकणारे ट्रायफॅरोटिन मान्य झाले. यांतील बहुतेकांचा उपयोग मुखदूषिका व सोरायसिस यांसाठी होतो. ज्या अर्बुद-प्रतिबंधासाठी सारा खटाटोप आरंभिला, त्या कामासाठी अशी सोयीची गोळी मात्र अद्याप हाती आलेली नाही. याचे कारण माणसांवरील परीक्षणांत दिसते.

माणसांवरील परीक्षणे

सर्वांत बोलके परीक्षण सर्वांत लहान आहे. झेरोडर्मा पिगमेंटोझम या आनुवंशिक विकारात उन्हाने झालेला पेशींचा बिघाड दुरुस्त होत नाही. बालवयापासून त्वचेवर एकामागून एक कर्करोग येत राहतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत क्रेमर व सहकाऱ्यांनी अशा पाच रुग्णांना दोन वर्षे आयसोट्रेटिनॉइन दिले, मात्रा दररोज शरीराच्या प्रत्येक किलोस २ मिलिग्रॅम. निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधापूर्वीच्या दोन वर्षांत या पाच जणांना मिळून १२१ अर्बुदे झाली होती. औषधाच्या दोन वर्षांत २५ झाली. प्रत्येक रुग्णाचा हिशेब करून सरासरी घट ६३ टक्के निघाली. नंतर औषध थांबविले. अर्बुदांचे प्रमाण औषधकाळाच्या सरासरी साडेआठपट झाले.

आयुर्वेदीय दृष्टीने येथे थांबून विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. औषध चालू असेतो रोग दबलेला आणि सुटताच उफाळलेला, ही याप्य व्याधीची अवस्था झाली. पेशीतील मूळ बिघाड नाहीसा झाला नव्हता, केवळ त्याला वाढू दिले जात नव्हते. सुश्रुतांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात एका अर्बुदाच्या जागीच पुन्हा होणाऱ्या अध्यर्बुदाचा आणि जोडीने किंवा मागोमाग उद्भवणाऱ्या द्विरर्बुदाचा वेगळा उल्लेख केला आहे. अशा रुग्णांची त्वचा पाहिली म्हणजे तो भेद किती निरीक्षणपूर्वक केला असेल ते ध्यानात येते: एक गाठ कापली तरी क्षेत्र तसेच राहते. याप्य व्याधीत औषध जन्मभर द्यावे लागते. आणि या मात्रेत ते जन्मभर सोसवत नाही. त्या पाचही जणांना विषलक्षणांचा त्रास झाला. नंतर कमी मात्रेचे प्रयत्न झाले, ते काही रुग्णांत लागू पडले, काहींत नाही.

सर्वसामान्य रुग्णांत चित्र फिके होते. पूर्वी त्वचेचा बेसल पेशींचा कर्करोग झालेल्या ९८१ अमेरिकन रुग्णांना तीन वर्षे रोज १० मिलिग्रॅम आयसोट्रेटिनॉइन किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली. १९९२ मध्ये निष्कर्ष आला, की फरक नाही. उन्हाने पूर्वकर्करोगी खडबडीत चकंदळे आलेल्या २,२९७ लोकांत रोज २५,००० एकक रेटिनॉल दिल्यावर खवलेपेशींचा कर्करोग सुमारे २६ टक्क्यांनी घटला, पण बेसल पेशींच्या कर्करोगावर परिणाम झाला नाही. हे १९९७ चे फळ. मात्र ज्यांना आधीच अनेक त्वचाकर्करोग होऊन गेले होते, त्या गटात हाच उपाय निष्फळ ठरला. नेदरलँड्समध्ये वृक्क-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम ॲसिट्रेटिन दिले असता १९ पैकी दोघांस नवा खवलेपेशी-कर्करोग झाला, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्या १९ पैकी नऊ जणांस. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या अशा रुग्णांत ॲसिट्रेटिन आजही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरले जाते. बाहेरून लावण्याचा प्रयोगही झाला: ०.१ टक्का ट्रेटिनॉइन मलम ११३१ माजी सैनिकांत पारखले गेले. त्याने नवे कर्करोग टळले नाहीत. उलट मलम लावणाऱ्या गटात मृत्यू अधिक दिसल्याने परीक्षण सहा महिने आधी थांबवावे लागले. मलमामुळेच मृत्यू झाले, असा निष्कर्ष खुद्द संशोधकांनीही काढला नाही.

त्वचा सोडून तोंडाकडे वळल्यास आपल्या देशातील कामही सांगितले पाहिजे. केरळमध्ये तंबाखू-पान खाणाऱ्यांच्या तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांवर 'अ' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा देऊन पाहिल्या गेल्या. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात साप्ताहिक तीन लाख एककांनी ५२ टक्के रुग्णांचे चट्टे पूर्ण गेले, निष्क्रिय औषधाने १० टक्क्यांचे. औषध थांबल्यावर बरे झालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत चट्टे परतले. पुन्हा याप्यत्वच.

'अ' जीवनसत्त्व म्हणजे अपायरहित पोषण, या समजुतीस सर्वांत मोठा धक्का १९९६ मध्ये बसला. अमेरिकेत १८,३१४ धूम्रपानी व ॲस्बेस्टॉसशी संपर्क आलेल्या लोकांना बीटा कॅरोटिन व रेटिनॉल एकत्र देण्यात येत होते. त्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी अधिक आढळला आणि परीक्षण मुदतीपूर्वी बंद झाले. बिडी ओढणाऱ्या रुग्णाला 'ताकद येण्यासाठी' बीटा कॅरोटिनच्या गोळ्या सहजपणे देणाऱ्या दुकानदारांनी हा आकडा स्मरणात ठेवावा. प्रौढासाठी रेटिनॉलची सुरक्षित कमाल मर्यादा दररोज ३,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०,००० एकक, मानली जाते.

आपल्या कामाशी संबंध

भारतीयांच्या वर्णामुळे उन्हाचा त्वचाकर्करोग आपल्याकडे तुलनेने कमी आहे. आपले त्वचाकर्करोग पुष्कळदा निराळ्या वाटेने येतात. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर व सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये कमरेला घट्ट धोतर नेसण्याच्या जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. काश्मीरातील कांगडीच्या धगीने पोटावर व मांडीवर होणारा कर्करोग तर प्रसिद्धच आहे. जुन्या भाजल्याच्या व्रणावरही तो होतो. अशा ठिकाणी निदानपरिवर्जन हाच पहिला उपाय आहे.

यांतील एक वाट मात्र आपल्या औषधालयातून जाते, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. ती सोमलवर्गाची. पाश्चात्त्य वैद्यकात सोरायसिससाठी सोमलाचे द्रावण वर्षानुवर्षे दिले जाई. त्या रुग्णांच्या तळहात-तळपायांवर कठीण गाठी व नंतर कर्करोग आल्याचे इंग्लंडमधील हचिन्सन यांनी १८८० च्या दशकातच नोंदले होते. पश्चिम बंगालमधील सोमलयुक्त भूजलाने हेच मोठ्या प्रमाणावर दाखविले. हरताल, मनःशिला व त्यांपासून सिद्ध होणारे रसमाणिक्य यांचा कुष्ठात उपयोग आपण करतो. तो अल्पकाळ, मोजक्या मात्रेत व देखरेखीखाली असावा. महिनोन्महिने तोच कल्प घेत असलेल्या रुग्णाचे तळहात व तळपाय प्रत्येक भेटीत पाहावेत. पावसाच्या थेंबांसारखे गडद-फिके ठिपके किंवा बोटाला टोचणारे कठीण कण आढळल्यास औषध थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

बाकुचीबद्दलही दोन शब्द. तिच्या बीजातील बाकुचिऑल हे द्रव्य १९६६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सुखदेव व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासून जगापुढे मांडले. रेटिनॉलशी त्याचे रूपसाम्य नाही, तरी त्वचेतील काही जनुकांवर त्याचे कार्य रेटिनॉलसारखे दिसते. ४४ व्यक्तींवरील बारा आठवड्यांच्या एका परीक्षणात त्याने सुरकुत्या व डाग रेटिनॉलइतकेच कमी केले आणि आग व पापुद्रे कमी आले. त्यामुळे आज अनेक प्रसाधनांवर त्याचे नाव झळकते. मात्र याचा अर्थ बाकुची तेल अर्बुद रोखते असा कोणी लावू नये. त्याच बीजात सोरॅलिन आहे. आणि सोरॅलिन वर्गातील औषध व अतिनील किरण यांच्या दीर्घ चिकित्सेने खवलेपेशींचा कर्करोग वाढतो, हे अमेरिकेतील दीर्घ पाहणीत सिद्ध झाले आहे. शुद्ध बाकुचिऑल आणि बाकुची तेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लेबलावर पहिल्याचे गुण लिहून बाटलीत दुसरे भरणे हे औषधनिर्मात्यास शोभणारे नाही.

आता आरंभी उल्लेखिलेल्या धोक्याविषयी. रेटिनॉइड गर्भास घातक आहेत. १९८२ मध्ये अमेरिकेत आयसोट्रेटिनॉइन बाजारात आल्यानंतर लवकरच कान, हृदय, मेंदू यांच्या विकृती असलेली बालके जन्मल्याच्या नोंदी झाल्या. ज्या शक्तीने हे द्रव्य पेशीला रूप बदलावयास लावते, ती शक्ती गर्भाच्या अवयवरचनेच्या काळी विध्वंसक ठरते. आयसोट्रेटिनॉइन शरीरातून लवकर जाते. थांबविल्यावर एक महिना गर्भधारणा टाळल्यास पुरते. एट्रेटिनेटचे तसे नाही. ते मेदात साठते, आणि रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे १२० दिवस लागतात. याच कारणास्तव त्याची जागा ॲसिट्रेटिनने घेतली आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून ते काढून घेतले गेले. ॲसिट्रेटिन निम्मे होण्यास जेमतेम दोन दिवस पुरतात.

परंतु ॲसिट्रेटिनसोबत मद्यार्क पोटात गेला, तर शरीरात त्याचे पुन्हा एट्रेटिनेट बनते. दोन दिवसांचे औषध महिनोन्महिने मेदधातूत राहणारे होऊन बसते. म्हणून गर्भधारणेच्या वयातील स्त्रीने ॲसिट्रेटिन चालू असताना आणि बंद केल्यावर आणखी दोन महिने मद्यार्क मुळीच घेऊ नये, आणि औषध थांबल्यापासून तीन वर्षे गर्भधारणा टाळावी, असे त्याचे निर्देशपत्र सांगते. आपली आसवे व अरिष्टे यांत साधारणतः ५ ते १० टक्के स्वयंजनित मद्यार्क असतो. रुग्णा 'मी मद्य घेत नाही' असे खरेच सांगते. खदिरारिष्ट, सारिवाद्यासव किंवा कुमारीआसव म्हणजे मद्यार्क, हे तिच्या गावीही नसते. तिला ॲलोपॅथीचे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाही ते पुष्कळदा ठाऊक नसते. ते ठाऊक असणारे आपणच.

तेव्हा सोरायसिसच्या प्रत्येक स्त्रीरुग्णास मागील तीन वर्षांत कोणत्या कॅप्सूल घेतल्या हे विचारावे, आणि जुनी चिठ्ठी किंवा रिकामे पाकीट आणावयास सांगावे. ॲसिट्रेटिन चालू असेल किंवा दोन महिन्यांच्या आत थांबले असेल, तर अरिष्टाऐवजी त्याच द्रव्यांचा ताजा क्वाथ, घनवटी किंवा तिक्तघृतासारखा कल्प योजावा. ॲसिट्रेटिन आपण होऊन बंद करावयास सांगू नये. ते देणाऱ्या तज्ज्ञांशी बोलावे. यकृत व रक्तातील मेद यांच्या तपासण्या पाहून घ्याव्यात, कारण रेटिनॉइडांनी दोन्ही बिघडतात. जोडीला 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊ नयेत. औषधविक्रेत्यांनी काउंटरवर अरिष्ट मागणाऱ्या रुग्णास एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ आहे. रक्तदान शिबिरे भरविणाऱ्या आपल्या शाखांनीही ध्यानात घ्यावे, की ॲसिट्रेटिन घेतलेल्या व्यक्तीचे रक्त, मग ती स्त्री असो वा पुरुष, औषध थांबल्यानंतर तीन वर्षे स्वीकारावयाचे नसते.